अमेरिका आणि भंडाऱ्याची कढई

अमेरिकेच्या सरकारने माझं आजवर काहीही वाकडं केलेलं नाही. तरी त्याच्या धाकाने मी एकदा भर दुपारी डोक्यावर कढई घेऊन अख्ख्या गावातून गेलो आहे.

त्याचं असं झालं. माझ्या बहिणीचा मुलगा रोहन, जन्माने अमेरिकन, तिकडची नोकरी सोडून जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांचा कारखाना टाकायला आला. भाच्याचा मान म्हणून बाकीच्यांनी शाल दिली, टोपी घातली. मी पडलो मारुतीच्या देवस्थान कमिटीचा अध्यक्ष! (हसनाबादजवळच्या आमच्या गावात याहून मोठं पद नाही.) मी त्याला थेट खजिनदार केलं. बँकेत माझ्या सहीशेजारी त्याची सही!

काही महिन्यांनी तो कागदांचा गठ्ठा घेऊन आला.

"मामा, देवस्थानच्या खात्याची माहिती हवीय. अमेरिकेला कळवायचंय."

"राहतो इथं, कमावतो इथं, अन् हिशोब तिकडं?"

"अमेरिकन माणूस कुठंही राहिला तरी दरवर्षी तिकडं कराचे कागद भरावेच लागतात. शिवाय इथल्या ज्या खात्यांवर माझी सही चालते, तीही कळवायची."

"देवाचं बी?"

"देवाचं पण. लपवलं तर भयंकर दंड!"

मला एकदम माझा गोठा आठवला. कारण कमिटीची मोठी कढई चार वर्षांपासून माझ्या गोठ्यात होती. तिच्यात म्हशीची पेंड भिजायची. आणि दर भंडाऱ्याला आम्ही देवस्थानच्या पैशातून दुसरी कढई भाड्याने आणायचो. बिलावर सही माझी!

दोन दिवस कुत्रं भुंकलं तरी वाटायचं, आला अमेरिकेचा साहेब! शेवटी बायको वैतागली. "घाबरून काय राह्यलात? जल्दी नेऊन टाका ती देवळात!"

कढई मोटारसायकलवर काही बसेना. मग डोक्यावर पालथी घेतली आणि निघालो. आतून मला फक्त माझे पाय दिसत होते. पारावरच्या लोकांना मात्र सगळं दिसत होतं.

"अध्यक्ष, कुठं निघाले?"

"देवळात!" (आवाज कढईतच घुमला.) "अमेरिका इचारून राह्यली!"

संध्याकाळी कमिटी बसली. मी घाबरून पेंडीसकट सगळं कबूल केलं आणि हात जोडले. "बाबांनो, पोराचं नाव काढा खात्यावरून! न्हाईतर अमेरिका गावात येईल!"

रोहन माझ्याकडे बघतच राहिला. "मामा, तिकडं फक्त खात्यात किती पैसे आहेत ते कळवायचं होतं. कढईचं कोणी विचारलं?"

कमिटीतले सगळ्यात वयस्कर किसनआबा तंबाखू मळत होते. त्यांनी आधी रोहनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग पोराला काहून काढायचं? त्याच्यावर अमेरिकेची नजर हाये. तुमच्यावर कोनाची हाये?"

त्या दिवसापासून अध्यक्ष रोहन आहे. भंडारा झाला की कढई मी घासतो आणि त्याला नेऊन दाखवतो. न दाखवल्यास दंड आहे!