बॉनेटवरची तीन बोटं

रंग वाळवायला आपल्याला इन्फ्रारेड दिवा हवा, असं मी म्हटल्यावर नवरा हसून बेजार झाला. "सोलापुरात माणसं वाळतात, तिथं रंगाचं काय घेऊन बसलीस?" आमचं गाड्या रंगवायचं गॅरेज. ओली गाडी उन्हात ठेवली की धूळ बसते, आणि ती घासत बसणारी मी. मग काय, हट्टाला पेटले आणि दिवा आणायलाच लावला. "पहिलं काम बिघडलं, तर दिवा परत," त्यानं बजावलं.

पहिलं काम आलं दुधनीच्या एका शेतकऱ्याची जुनी जीप. रंग मारला की आधी त्यातला थिनर निवांत उडू द्यायचा, मग दिवा लावायचा, तोही लांबून. घाईनं जवळ लावला तर दुधावर साय धरावी तसा रंग वरवर सुकतो आणि थिनर खाली अडकतो. हे मी घसा कोरडा करून सांगितलं होतं. पण जीपवाला आईला घेऊन वेळेआधीच हजर झाला. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात आमच्या शहाण्यानं दिवा बॉनेटला नेऊन भिडवला.

चहा घेऊन बाहेर येते तर दिवा बाजूला सारलेला आणि म्हातारी भस्म घेऊन गाडीपुढं उभी. त्यांच्यात रंगवलेली गाडी भस्म लावल्याशिवाय हलवत नाहीत. मी "थांबा अव्वा" म्हणेपर्यंत तिची तीन बोटं बॉनेटवरून फिरलीसुद्धा. वरून खडखडीत दिसणारा रंग आत मऊच होता. तीन लांब चर उमटले. गेला म्हटलं आपला दिवा.

म्हातारीला अंधुक दिसायचं. ती हात जोडून समाधानानं बाकावर जाऊन बसली.

"घासून परत मारून देतो," नवरा मान खाली घालून म्हणाला.

जीपवाला वाकून ते चर बघत राहिला. मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "नगं. लई थकलीय ती. फुडच्या साली भस्म लावायला आसंल का न्हाय, कुणाला ठावं. बोटं तरी ऱ्हाऊ द्या की."

चहाचा ट्रे माझ्या हातात तसाच राहिला.

नवऱ्यानं दिवा ओढून पार मागं नेला, आणि माझ्याकडं वळून विचारलं, "एवढं लांब बास का गं? बोटं पुसट व्हायला नकोत."