धुराचा हिशोब आणि आखाजीचं माहेर: फैजपूर ते पिंपळनेर

बोलतेय मी, टाइप करतेय नात, केतकी. अक्षरांशी माझं कधी जमलं नाही. कॅनडाहून आली आणि पहिल्याच जेवणाला तिनं सांगून टाकलं, आता चार-पाच वर्षं येणार नाही. विमान फार धूर सोडतं म्हणे. माझ्या वयात चार-पाच वर्षं म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं. म्हटलं, मग आखाजीला माझ्या माहेरी तरी चल, पिंपळनेरला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींनी माहेरी जायचा सण. एसटीनं.

सकाळची पहिली बस धरा, उन्हाच्या आत बराच रस्ता कापला जातो. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे फुकट. मी खिडकीशी फुकट बसले, ती अर्ध्या पैशांत कोंबली गेली.

भुसावळपाशी वीजकेंद्राची धुराडी दिसली. मी म्हटलं, "एवढा धूर चालतो, आणि माझ्या भेटीचा तेवढा खुपतो?"

मग तिनं समजावलं. तिच्याकडे हिवाळाभर घर तापवावं लागतं, दूध आणायलाही गाडी निघते, म्हणून तिकडे माणशी धूर जास्त. ज्या देशांत नद्या मोठ्या आणि माणसं थोडी, त्यांची वीज पाण्यावर; आपल्या जमिनीत कोळसा, म्हणून आपली कोळशावर. चीन साऱ्या जगाचं सामान बनवतो, तो धूर त्याच्या नावावर चढतो. आपला एकूण धूर मोठा, पण माणसंच इतकी की माणशी थोडाच.

"म्हणजे मी गुणाची?"

"तुझ्याकडे एसी नाही म्हणून, आजी."

कार्टी खोटं बोलत नाही.

धुळ्याला स्टँडबाहेर शेवभाजी खा, पण तर्री कमी सांगा. केतकीनं कमी सांगितली नाही. साक्रीपर्यंत ती सगळे देश विसरून पाणीच पीत होती.

साक्रीपुढे डोंगरावर पवनचक्क्या. माझ्या लहानपणी त्या वाऱ्याला आम्ही शिव्या द्यायचो. आता तोच वीज करतो, धुराशिवाय. हे पाहून केतकी पहिल्यांदा मोकळी हसली.

भावाकडे खापरावरची पुरणपोळी, आमरस, निंबाला झोका. मी परतीची बस विचारली, तर भाऊ अहिराणीत म्हणाला, "घाई काय शे?"

तेव्हा मला सुचलं. आमच्या वेळी माहेर गाठायचं म्हणजे बैलगाडी, रेल्वे, पुन्हा बैलगाडी. एवढं करून आलेली पोर पावसापर्यंत हलायची नाही.

झोक्यावरच तिला म्हटलं, "तू दरवर्षी आठवडाभर येतेस. त्यापेक्षा क्वचित ये, आणि खूप राहा. तुझं काम तर मांडीवरच्या डबड्यात चालतं."

तिनं पाय टेकवून झोका थांबवला.

फैजपूरला परतल्यावर तिनं कॅनडातल्या आपल्या साहेबिणीशी फोनवर बराच वेळ घातला. ठरलं: दोन वर्षांनी यायचं, आखाजीला, आणि दिवाळी करूनच जायचं.

कालपासून मी केळीच्या बागेपर्यंत चालायला लागलेय. दोन वर्षं टिकायचं, तर गुडघे हलते ठेवायला हवेत.