कोन तेवढा राहिलाय

जगात वस्तू विकत घेण्यासाठी दुकानात जाणारी माणसं असतात, आणि वस्तू विकत न घेण्यासाठी दुकानात जाणारे एकटे माझे धाकटे दीर आहेत. लग्न होऊन मी कसब्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा स्वयंपाकघरात मिक्सर नव्हता. कारण विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "धाकटा बघतोय." भाऊजी खरोखरच बघत होते. बुधवार पेठेतल्या प्रत्येक दुकानात जाऊन त्यांनी मिक्सरच्या मोटरचा आवाज ऐकला होता, पात्यांवरून बोट फिरवलं होतं, आणि दुकानदाराने "देऊ का बांधून?" विचारलं की "बघतो" म्हणून पायऱ्या उतरले होते. पुढे पुढे दुकानदार त्यांना लांबूनच "या, आजही बघणारच ना?" असं म्हणायला लागले. शेवटी मी माहेरून मिक्सर आणला. त्यात पहिली चटणी वाटली तेव्हा भाऊजी शेजारी उभे राहून म्हणाले, "चांगलाय, वहिनी. पण घाई केलीत."

हा माणूस कंजूष असता तर मी समजून घेतलं असतं, पुण्यात त्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. पण भाऊजींचा हात सढळ. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना प्रत्येक गोष्ट अशी हवी असायची की ती एकदा घेतली की जन्मात दुसरी घ्यायला नको. उन्हात चालेल, पावसात चालेल, लग्नाला घालता येईल आणि सिंहगडही चढता येईल अशी चप्पल ते कॉलेजात असल्यापासून शोधत होते आणि तोवर थोरल्या भावाच्या जुन्या चपला झिजवत होते. मी एकदा म्हटलंसुद्धा, "भाऊजी, सगळीकडे चालेल असं काही नसतं. म्हणून तर लोक दोन जोड ठेवतात." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "लोक शोधत नाहीत, वहिनी." मी कणीक मळत राहिले.

ते दिवस कॉम्प्युटरवाल्यांचे होते. गल्लीतली मुलं एकामागून एक अमेरिकेला जात होती आणि त्यांच्या आया वाण्याच्या दुकानात एकमेकींना तिथलं हवामान सांगत होत्या. भाऊजींचं ऑफिस येरवड्याच्या पुढे, एका काचेच्या इमारतीत. सासूबाई भाबडेपणाने "धाकटा येरवड्याला असतो" असं सांगायच्या आणि समोरची बाई हळूच विचारायची, "सुटणार कधी?" तर भाऊजीही एका हिवाळ्यात कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेले. डोंगराच्या पायथ्याचं गाव होतं. परत आले ते दोन गोष्टी डोक्यात घेऊन. एक स्नोबोर्ड आणि दुसरी वैशाली.

स्नोबोर्ड म्हणजे हनुवटीपर्यंत येणारी एक फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे जखडून घ्यायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरायचं. वैशाली म्हणजे त्यांच्याच ऑफिसातली, त्यांच्याबरोबर तिकडे गेलेली नागपूरची मुलगी. नागपूरच्या उन्हात वाढलेली ही पोरगी बर्फात अशी रमली की रविवार आला की डोंगरावर. तिनेच भाऊजींना ओढून नेलं, भाड्याच्या बोर्डावर उभं केलं, स्वतः खाली बसून, पाय फळीवर किती तिरके राहतील ते ठरवणारे पट्ट्यांचे स्क्रू फिरवले आणि सांगितलं, "डावा पाय पुढे, एवढा कोन, बस. आता सोड." आणि भाऊजींनी सोडलं. "वहिनी, हा इतका मस्त घसरायचा ना तिथं!" वैशाली मला आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगत होती. "मिळेल तो बोर्ड घ्यायचा अन् हसत हसत खाली यायचा. अन् इथं येऊन बघा काय करून राहिला!"

इथं येऊन भाऊजी बोर्ड निवडत होते. भाड्याचा नको, स्वतःचा, आणि तोही असा की सगळ्या बर्फांत चालला पाहिजे. कारण बर्फ एक नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. रात्री पडलेला ताजा भुसभुशीत बर्फ वेगळा, पहाटे गोठून चिक्कीसारखा झालेला वेगळा, दुपारच्या उन्हात ताकासारखा झालेला वेगळा, आणि झाडाझुडपांतला, वाऱ्याने वरून पापडी धरलेला आणखी वेगळा. या सगळ्यांना पुरून उरेल असा बोर्ड म्हणे एकाच दिशेने जाणारा असतो. त्याचं नाक लांब आणि रुंद, म्हणजे ताज्या बर्फात ते वर तरंगतं. शेपूट आखूड आणि ताठ. उभं राहायची जागा मधोमध नसते, जराशी मागे असते. दोन्हीकडून सारखे असलेले बोर्ड उलटेही चालवता येतात, पण हा पुढे जायलाच बनवलेला. "मागे नाही येत?" सासूबाईंनी विचारलं. "नाही आई, हा पुढेच जातो," भाऊजी म्हणाले. उभ्या आयुष्यात एक पाऊल पुढे न टाकलेला माणूस हे इतक्या कौतुकाने सांगत होता की मला हसू आवरायला पदर तोंडाला लावावा लागला.

नाक किती रुंद हवं ते कळावं म्हणून त्यांनी परातीत घरातला सगळा रवा ओतला आणि पुठ्ठ्याच्या वेगवेगळ्या आकाराच्या पट्ट्या त्यावरून घसरवून पाहिल्या. "आता याचा शिरा कर आणि बर्फ म्हणून खा," सासूबाई कडाडल्या. मग बुधवारातल्या दुकानांतून फ्रिजचे रिकामे खोके आणून भाऊजींनी खऱ्या मापाचे पुठ्ठ्याचे बोर्ड कापले. ते हॉलच्या भिंतीला ओळीने उभे. येणारे-जाणारे विचारायचे, "यंदा मखराला लवकर सुरुवात?" मी आधी खुलासा करायचे. नंतर नुसतं "हो" म्हणायला लागले. भाऊजी ऑफिसातून आले की एकेका पुठ्ठ्यावर उभे राहायचे, गुडघे वाकवायचे, डोळे मिटायचे, आणि मान हलवून उतरायचे. ठरत काही नव्हतं. फळीला कमान कुठे हवी, ताठपणा किती हवा, त्यांचे पाय मोठे म्हणून बोटं बाहेर येऊन बर्फाला घासणार तर नाहीत ना, अशा विचारांत एक हिवाळा गेला, दुसराही गेला. इकडे वैशाली यायची, पुठ्ठ्यांकडे बघायची, माझ्याकडे बघायची. तिला कशाची वाट बघावी लागत होती हे आमच्या घरात भाऊजी सोडून सगळ्यांना कळत होतं.

एक दिवस तिने मला सांगूनच टाकलं. तिला कॅनडात नोकरी मिळाली होती, उन्हाळ्यात निघायचं होतं. "वहिनी, जानेवारीत मी गुलमर्गला चालली. याला घेऊन. वर डोंगरावर गेल्यावर मीच विचारणार आहे. हो म्हणाला तर दोघं जाऊ तिकडं. इथं विचारलं तर म्हणेल बघतो. वर नाही म्हणणार, वर हा वेगळाच माणूस असतो." मी तिचा हात धरला. म्हटलं, जा बाई, आणि त्याला खाली ढकलायच्या आधी उत्तर घे.

गुलमर्ग म्हटल्यावर भाऊजींना बोर्ड घ्यावाच लागला. कंपनीतल्या एकाने तो अमेरिकेहून सामानातून आणला. शेजाऱ्यांनी इस्त्रीचं टेबल समजून मला "पाय कुठायत याचे?" असं विचारलं. दसऱ्याला सासूबाईंनी पोळपाट-लाटण्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा केली, तशी बोर्डाचीही केली. नाकावर झेंडूचा हार, पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक. आणि मग ती परीक्षा झाली. बोर्डावर कुठला पाय पुढे ठेवायचा ते माणसागणिक ठरतं. भाऊजींनी कुठेसं वाचलं होतं की आपल्याला नकळत कुणीतरी मागून ढकलावं, तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे येईल तो आपला पुढचा पाय. वैशालीने डावा सांगितला होता, पण तो तिचा अंदाज, ही शास्त्रीय पद्धत. त्यांनी आमच्या ह्यांना मागे उभं केलं. ह्यांनी ढकललं, आणि त्याच क्षणी आरतीचं तबक हातात घेतलेल्या सासूबाई ओरडल्या, "अरे, नवी वस्तू आहे, उजवा पाय आधी!" पाळण्यातून उतरल्यापासून नव्या घरात, नव्या वर्गात, नव्या नोकरीत उजवा पाय आधी टाकत आलेल्या मुलाचा उजवा पाय पुढे आला. "उजवा," भाऊजी समाधानाने म्हणाले आणि त्याप्रमाणे पट्टे घट्ट आवळून टाकले. जगातला प्रत्येक बोर्ड पारखलेल्या या माणसाने आईचा आवाज मात्र हिशेबात धरला नाही.

गुलमर्गला दोघांनी जाणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही सगळेच गेलो. सासूबाई, हे, मी, चकल्यांचा डबा आणि मेतकूट. पहिल्याच सकाळी आकाश निळंशार. आम्ही चहाच्या टपरीसमोर कांबळी पांघरून बसलो. भाऊजी पायथ्याच्या लहानशा उतारावर बोर्डावर उभे राहिले, उजवा पाय पुढे, आणि सरळ तोंडावर पडले. उठले, पुन्हा पडले. वैशाली धावत आली आणि पायांकडे बघून कपाळाला हात लावला. "बाप्पा! हे काऊन उलटं बसवलं तू? डावा म्हटलं होतं ना?" दुसरा एखादा बोर्ड असता तर शेपटीकडून घसरून वेळ मारून नेता आली असती, पण हा तर पुढेच जाणारा. स्क्रू सोडवून पाय फिरवायचे, इतकंच काम. टपरीवाल्याने पाना-पेचकस दिला. चहा गार व्हायच्या आत होणारी गोष्ट होती.

पण आता स्क्रू सुटलेच होते. सुटलेच आहेत तर कोन पुन्हा एकदा नीट बघावा असं भाऊजींना वाटलं. वर ताजा बर्फ, म्हणजे कोन जरा उघडा हवा. मधे झाडी, म्हणजे जरा कमी. खाली घट्ट बर्फ, तिथे वेगळा. ते मांडी घालून बसले आणि फिरवत राहिले. वैशाली थांबली. मग म्हणाली, "दुपारी वरचं हवामान बिघडते म्हणतात. राहू दे तो बोर्ड, तसाच चल, पायी हिंडू वर." भाऊजी मान वर न करता म्हणाले, "आलोच. कोन तेवढा बघतो." मी ह्यांना कोपर मारलं. धाकट्याला "ऊठ की!" म्हणा, असं मी सांगतेय ते ह्यांना कळलं, पण ह्यांनी फक्त "अरे, बघ लवकर" एवढंच म्हटलं. घराण्याचाच दोष. मला खरं सांगायचं तर त्या पोराच्या, पोराच्या कसल्या, त्या घोड्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. वैशाली थोडा वेळ त्यांच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत उभी राहिली. मग तिने आपला बोर्ड उचलला आणि तारेवरच्या पाळण्यात बसून एकटी वर गेली.

ती उतरली तेव्हा ढग आले होते. केसांत बर्फ, गाल लालबुंद, आणि डोळेही जरा लाल, पण ते थंडीने असतील असं मी मनाला सांगितलं. भाऊजी तिथेच होते. "झालं का ठरवून?" तिने विचारलं. भाऊजी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "डावा पाय नक्की. कोन तेवढा राहिलाय." वैशाली हसली. मोठ्याने हसली. मग सासूबाईंच्या शेजारी बसून तिने डब्यातली चकली घेतली आणि "आई, छान झाल्या हो" म्हणाली. तिने काही विचारलं नाही, आणि आता ती कधीच विचारणार नाही हे मला तिच्या त्या चकली मोडण्यावरून कळलं. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. हे म्हणाले, "उंचीचा त्रास होतोय का?"

उन्हाळ्यात ती गेली. तिला निरोपाला काय द्यावं हे ठरलं नाही म्हणून भाऊजी रिकाम्या हातांनी विमानतळावर गेले. पुढे तिकडेच तिचं लग्न झाल्याचं कळलं, तेव्हा भाऊजींनी "चांगलं झालं" म्हटलं आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ समोरच्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या बघत राहिले. बर्फात ते पुन्हा कधी गेले नाहीत. बोर्ड हॉलच्या कोपऱ्यात उभा असतो. दर हिवाळ्यात भाऊजी त्याच्या तळाला आमच्या इस्त्रीने घसरायचं मेण वितळवून लावतात आणि आठवडाभर माझ्या साड्यांना मेणाचा वास येतो. मी कुरकुरते, पण इस्त्री लपवून ठेवत नाही.

परवाच्या दसऱ्याला सासूबाई आतल्या खोलीत पडून होत्या, आता त्यांना फारसं दिसत नाही. पूजेचं तबक माझ्याकडे आलं. बोर्डाला हार घालायला गेले तर भाऊजी खाली बसून शेवटचा स्क्रू आवळत होते. मी सवयीने म्हटलं, "काय भाऊजी, ठरला की काय कोन?"

"ठरला, वहिनी." त्यांनी पेचकस खाली ठेवला. "सगळे करून बघितले. तिनं पहिल्या दिवशी सांगितला होता, तोच बरोबर होता."

मी बोर्डाला हार घातला आणि कुंकवाचं बोट टेकवलं. भाऊजींनी बोर्ड फरशीवर आडवा ठेवला, त्यावर चढले आणि गॅलरीकडे तोंड करून गुडघे वाकवून उभे राहिले. केस पिकलेला माणूस, पायांखाली ताजं कुंकू. आतून सासूबाईंची हाक आली, "अगं, त्याला सांग, उजवा पाय आधी!"

भाऊजींचा डावा पाय पुढे होता. मी तबक सावरलं आणि म्हटलं, "हो आई, उजवाच ठेवलाय."