बुलढाण्याचं श्रोता संमेलन आणि बाबांच्या शेजारची खुर्ची

रेडिओवर फर्माईश पाठवणाऱ्यांचंही संमेलन भरतं, हे सांगितलं की पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी हसतात. हसू देत. यंदा ते बुलढाण्यात होतं आणि बाबांनी कधीच नावं नोंदवून ठेवली होती, स्वतःचं आणि आईचं. आईला जाऊन वर्ष होत आलंय. तरी फर्माइशीत "धाडहून दिनकर आणि सुमन" येतंच. तिथं कुणी आईबद्दल विचारलं तर बाबा काय सांगतील, या काळजीनं मी सोबत निघाले.

धाडहून बुलढाण्याला जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. घाई असेल तर सरळ एसटी धरा. वर्गणी दोनशे रुपये, त्यात चहा, जेवण आणि छातीवर लावायचा बिल्ला. पंख्याखाली बसायचं असेल तर मात्र लवकर पोचा.

मंगल कार्यालयाच्या दारातच ही गर्दी! इथं चेहरा कुणी ओळखत नाही, नावं मात्र सगळ्यांना पाठ. बिल्ला वाचून लोक गळ्यात पडतात.

"अरे, धाडचे दिनकरभाऊ! किती वर्षांपासून ऐकून राह्यलो तुमाले!"

बाबा रेडिओवर एक अक्षर बोललेले नाहीत, पण ते असो. टेबलावरच्या माणसानं दोन बिल्ले काढले. "वैनी कुठी हायेत?"

"मागून येऊन राह्यल्या," बाबा म्हणाले.

आत जुन्या रेडिओंचं प्रदर्शन होतं, निवेदकांसोबत फोटो काढायला रांग होती, पण माझं लक्ष बाबांकडे. त्यांनी शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. हॉल भरला, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. जो तो विचारी, "खाली हाय का?" बाबा सांगत, "माणूस हाय." मला रागही येत होता आणि रडूही.

जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. तेवढ्यासाठीसुद्धा यावं, अशी. जेवणानंतर एक वयस्क बाई त्या खुर्चीपाशी थांबल्या. बिल्ल्यावर नाव: शमीमआपा, चिखली. रेडिओवर यांचं नाव आमच्या आगेमागेच असतं. कधी न भेटताही आई त्यांना मैत्रीण म्हणायची.

"भाऊ, बसू का?"

बाबांनी पिशवीवर हात ठेवला.

"मले मालूम हाय," आपा हळूच म्हणाल्या. "वैनी होत्या तवा तुमच्या घरून ठसक्याची लावणी येत जाय. आता निस्ती रडकी गाणी. ते गाणे वैनीचे नाहीत."

बाबांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "गेली ती," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आपा बसल्या. "फर्माइशीतून तिचं नाव काढू नका भाऊ. पण गाणं तरी तिच्या पसंतीचं मांगा."

परतीच्या एसटीत उभ्यानंच आलो. पाय दुखले, पण मन हलकं होतं. आईचा बिल्ला बाबांनी रेडिओच्या कव्हरला लावलाय.

पुढच्या आठवड्यात आधी चिखलीच्या आपांचं नाव आलं, मग "धाडहून दिनकर आणि सुमन". ढोलकी कडाडली. बाबांनी आवाज मोठा केला. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "काऊन हो भाऊ, आज लावणी?"

"सुमनची फर्माईश हाय," बाबा म्हणाले.