ओझ्याच्या दिवसाची गोळी

लोहगड किती उंच, असं विचारलं तर हौशीराम आकडा सांगत नसे. "एक पान रंगतं तेवढा," म्हणायचा. आणि ते खरंच होतं. लोहगडवाडीत तोंडात पान टाकायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवायचं आणि निघायचं. वरच्या दरवाजात पोचेतो ओठ लाल झालेले असत, श्वास मात्र जागच्या जागी. तिथं त्याची बायको रतन ताक-सरबत मांडून बसे. पायऱ्यांवर धापा टाकत बसलेली शहरातली तरणी माणसं दिसली, की तो जाता जाता म्हणे, "बसा, बसा. गड कुटं पळून जात न्हाई."

गावात मागं तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा त्याचं बीपी वाढलेलं निघालं. गोळ्या मिळाल्या. रोज सकाळी एक, असं नीट समजावूनही सांगितलं. पण हौशीराम पडला ओझं वाहणारा माणूस. बैल औताला जुंपायचा त्या दिवशी त्याला पेंड, एरवी वैरण, हा घराचा रिवाज. गोळीलाही त्यानं तोच लावला. शनिवार-रविवारी गडावर गर्दी, ओझं तेव्हाच. म्हणून गोळीही तेव्हाच. मधल्या दिवसांत कशाला वाया घालवायची?

अशी बरीच वर्षं गेली. संध्याकाळी पाय सुजू लागले. तो म्हणाला, चढउताराचं आहे. लघवीला फेस येई. तो म्हणाला, ऊन लागलंय. डोकं कधी दुखलं नाही, कंबर नाही. मग एका शनिवारी अर्ध्या वाटेवर त्याला खोकं पायरीवर उतरवावं लागलं. जन्मात पहिल्यांदा. छातीत हवाच पुरेना. पान तोंडात तसंच, कोरडं.

रतननं त्याला तळेगावला नेलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. डॉक्टर श्रद्धा मॅडम कागद बघून हळू आवाजात म्हणाल्या, "दोन्ही किडन्या आक्रसल्यात. थोडंच काम उरलंय त्यांच्यात."

हौशीराम हसला. "कागद दुसऱ्याचा असंल, मॅडम. माज्या भावाला मुतखडा झालता, गडागडा लोळायचा. मला तर कदी दुखलं न्हाई."

"खडा दुखतो. बीपी गुपचूप काम करतं. किडनीत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, गाळणीसारख्या. रक्त जोरात आदळत राहिलं की त्या जाड होतात, गाळणी फाटते. तो फेस म्हणजे अंगातलं सत्त्व गळत होतं. आणि बिघडलेली किडनी बीपी आणखी चढवते. गोळी रोज घेत होता ना?"

"व्हय. म्हंजे, शनवार-रविवार."

मॅडमनी कागदावरून नजर उचलली. "आणि मधल्या दिवशी?"

"मधल्या दिवशी मी बसूनच असतो की."

"तुम्ही बसता हो. रक्त कुठं बसतं?"

रतननं पदराचं टोक तोंडात धरलं. आपल्या अंगात कधीच न बसणारं काहीतरी आहे, हे हौशीरामला आत्ता कळत होतं.

"आता ह्याला काय?" त्यानं विचारलं.

"गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायचं. रोज गोळी, मीठ कमी, मनानं कसलीही दुखण्याची गोळी घ्यायची नाही, आणि वरचेवर तपासणी. नाही राखलं, तर मशीनवर रक्त धुवायला यावं लागेल, तेही आठवड्यातून दोन-तीनदा."

"आन् गड?"

मॅडमनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून रतनच्या हातात दिली. "आधी हे स्थिर होऊ दे."

सोमवार उजाडला. गडावर ढग टेकले होते, वाडीत कुणी परका माणूस नव्हता. रतननं पाण्याचा तांब्या आणि गोळी पुढं केली.

"आज वझं न्हाई," तो सवयीनं बोलून गेला.

"तुमास्नी दिसत न्हाई एवढंच. गिळा."

त्यानं गोळी गिळली. ओट्यावर बसून मनगटावर बोट टेकलं. एक पायरीसुद्धा चढला नव्हता. बोटाखाली ठोके पडतच होते. ऊन ओट्यावर येईपर्यंत हौशीरामनं ते बोट काढलं नाही.