वंदनाताई आणि कुलूपबंद वॉशरूम

किस्से आठवायला लोकांना डोकं खाजवावं लागतं म्हणे. आमच्याकडे उलटं आहे. कामतघरला एका टेलरच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि पाटीलकाका दर शनिवारी तक्रार केंद्र चालवतो. मी वकील, काका कामगार खात्यातले निवृत्त क्लार्क. जिना चढून जो येतो तो किस्सा घेऊनच येतो, आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. आज तुम्ही सापडलाय, तर ऐकाच.

*

सुरुवात वंदनाताईपासूनच करायला हवी. ती वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं पॅक करायची. तिथे बायकांसाठी वॉशरूम होतं, पण कायम कुलपात. का? तर हेड ऑफिसची माणसं पाहणीला आली की ते चकाचक दिसलं पाहिजे म्हणून! बाकीचे दिवस बायका जीव मुठीत धरून हायवे ओलांडायच्या आणि पलीकडच्या पेट्रोल पंपावर जायच्या. नाहीतर ड्युटीभर पाणीच प्यायच्या नाहीत.

एकदा पाहणी आली. कुलूप निघालं, आत सुगंधी फवारा मारला गेला. हेड ऑफिसच्या साहेबांनी हसत विचारलं, "काय ताई, वॉशरूम वगैरे सगळं ठीक ना?"

वंदनाताई म्हणाली, "लय भारी हाय सर. आमी पन आजच पाह्यला."

दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चालेना. कामावरून काढलंय हे सांगायलाही कुणी मोठा माणूस आला नाही, वॉचमननेच सांगितलं. घरात कमावणारी ती एकटी, थोरली मुलगी कॉलेजात. नोकरी गेली तर पोरीचं कॉलेज सुटणार, हे तिने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सरळ कोर्टात खेचू." काकांनी मला खाली बसवलं. "आधी कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज टाकू. ते दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर बसवतात. तिथे नाही मिटलं तर कोर्ट कुठे पळून जातंय?"

वंदनाताईने तेवढ्यात अटी सांगून टाकल्या. "मला माझी नोकरी पायजे, आन् तो कुलूप निघाला पायजे. दुसरा काय नको."

तारीख लागेपर्यंत घरी बसून काय करायचं, म्हणून ती दर शनिवारी आमच्याकडे येऊन बसायला लागली. आणि आलेल्या प्रत्येकाला, न विचारता, सल्ले द्यायला लागली.

*

एक गृहस्थ फ्रिजच्या आवाजाने हैराण होते. सर्व्हिस सेंटरचा माणूस आला की फ्रिज गप्प, तो गेला की घरघर सुरू. आधी ते पोलिसांकडे जाऊन आले होते. मी समजावलं, "ही पोलीस केस नाही. ठाण्याला ग्राहक आयोग आहे, तिथे तक्रार करा. वकील लावलाच पाहिजे असंही नाही."

त्यांनी विचारलं, "पण आयोगाचे साहेब आवाज ऐकायला आमच्या घरी येतील का?"

"रेकॉर्ड करा ना फोनवर," वंदनाताई म्हणाली.

त्यांनी इमानदारीत केलं. मध्यस्थीच्या दिवशी कंपनीच्या माणसांसमोर रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसती घरघर आणि मग त्यांच्या बायकोचा वैतागलेला आवाज: "अहो, कुशीवर वळा. तुमचं घोरणं थांबलं तर फ्रिजचं नीट येईल."

कंपनीने फ्रिज बदलून दिला. नवऱ्याच्या बाबतीत मात्र आयोगाला काही करता येत नाही.

*

आता हळदीचा ऐका. आमच्याकडच्या गावांत एकवेळ लग्न साधं चालेल, हळद नाही. मानकोलीजवळच्या एका घरची हळद होती, आणि त्याच दिवशी शेजारच्या चुलत्यांकडेही. दोन्ही घरांत गोडाऊनच्या जागेवरून बोलणं बंद. व्हिडिओवाल्याने ड्रोन उडवला, तो कुंपण ओलांडून गेला, आणि सगळं शूटिंग चुलत्यांच्या मांडवाचं करून आला!

नवरदेवाचा बाप तावातावाने आला, मागोमाग आई. मी कागद पुढे ओढला. "सेवेत त्रुटी, स्पष्ट आहे. आधी नोटीस, मग ग्राहक आयोग." पण पुरावा बघायला हवा म्हणून व्हिडिओ लावला. नवरदेवाची आई पदर सावरून पुढे सरकली. चुलत्यांचा मांडव, झुंबरं, फुलांची कमान, सगळं डोळे भरून बघितलं.

मग नवऱ्याला म्हणाली, "नोटीस ऱ्हाऊ दे. आपल्यापेक्षा यांचा डेकोरेशन चांगला हाय."

*

तक्रारी मालकांच्याही असतात बरं का. एक पॉवरलूमवाले शेठ धापा टाकत आले. "मॅडम, नोटीस निकालनी है. माझा कारागीर न सांगता गावाला गेला. फोन नाही उचलत."

काकांनी शांतपणे विचारलं, "त्याला नेमणूकपत्र दिलंय?"

"हमारे यहां कौन देता है?"

"हजेरी कार्ड? पगाराची स्लिप?"

"काका, लूम है, बँक थोडी है."

"मग शेठ," काका म्हणाले, "तो तुमचा कामगार आहे, हे आधी तुम्हालाच सिद्ध करावं लागेल."

मी खिडकीकडे तोंड केलं. वंदनाताईने तेवढीही तसदी घेतली नाही, ती समोरच हसली. पुढच्या शनिवारी शेठ नेमणूकपत्राचा नमुना मागायला आले, आणि आम्ही तो आनंदाने दिला.

*

वंदनाताईची पहिली तारीख ठाण्याला, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लागली. मी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि मानकोलीच्या ट्रॅफिकमधून, ट्रकांच्या फटीफटीतून, वेळेवर पोचवलं. गोडाऊनच्या मॅनेजरचा पत्ता नाही. शेवटी तिथल्या अधिकारी बाईंना त्याचा फोन आला.

फोन ठेवून बाई म्हणाल्या, "मानकोलीला अडकलेत. पुढे ट्रक आडवे लागलेत म्हणे."

"कोनाचे ट्रक हाईत, ते इचारा ना," वंदनाताई म्हणाली.

बाईंनी ओठ दाबले. "त्यांच्याच गोडाऊनचे आहेत."

पुढची तारीख मिळाली. परतताना वंदनाताई मागे बसून बोटांवर दिवस मोजत होती. थोरलीच्या कॉलेजची फी भरायची मुदत जवळ आली होती.

*

दुसऱ्या तारखेला मॅनेजर वेळेआधीच हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. खुर्चीत बसला, चाव्यांचा जुडगा आणि मोबाईल टेबलावर ठेवला आणि सुरू झाला. "मॅडम, ह्या बाईंना आम्ही शिस्तीच्या कारणावरून काढलं. वॉशरूमचा काही विषयच नाही. आमचं लेडीज वॉशरूम पूर्ण शिफ्ट उघडं असतं."

वंदनाताई उठायला लागली, तिला सोबत आलेल्या काकांनी खुणेनं बसवलं.

अधिकारी बाई म्हणाल्या, "उत्तम. मग दाखवा. आत्ता व्हिडिओ कॉल लावा."

मॅनेजरने फोन हातात घेतला, बाईंकडे बघितलं, मग लावला. पलीकडे सुपरवायझर आला.

"अरे, जरा लेडीज वॉशरूम दाखव."

"कसा दाखवू सर?" सुपरवायझर म्हणाला. "चावी तुमच्याकडंच हाय ना."

आम्ही सगळे टेबलावरच्या जुडग्याकडे बघत होतो. गाडीच्या चावीशेजारी एक छोटी पितळी चावी होती आणि तिला चिकटपट्टी लावून, पेनने, 'लेडीज' असं लिहिलं होतं.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "वंदनाताई कामावर कधीपासून?"

"उद्या... उद्यापासून, मॅडम."

"आणि ही चावी?"

मॅनेजरने जुडगा उचलला. कडी घट्ट होती. नखाने उघडायला गेला, सटकली. पुन्हा गेला, पुन्हा सटकली. वंदनाताईने टेबलावरून तळहात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

"सावकाश काढा सर," ती म्हणाली. "आमाला दाबून धरायची सवय हाय."