अनंताच्या कुंडीतलं मीठ

आमच्या रविवारच्या गटात झाडांविषयी कुणी चांगलं बोलत नाही. गट गच्चीवर बाग करणाऱ्यांचा आहे, त्यामुळे बाहेरच्याला वाटतं, इथे फुलांचं कौतुक चालत असेल. प्रत्यक्षात पंधरा-वीस माणसं कुणाच्या तरी गच्चीवर चहा घेत गाऱ्हाणी सांगतात. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात. शेणखत म्हणून आणलेल्या पोत्यात निम्मी माती निघते. सिमला मिरचीचं म्हणून घेतलेलं बी वाढून त्याला वांगं लागतं. सकाळी फिरायला जाणारे हातात प्लास्टिकची पिशवी घेऊनच निघतात आणि देवासाठी दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं तोडतात. आमच्यातले एक निवृत्त कापडव्यापारी यावर म्हणतात, "झाड माझं, पाणी माझं, आणि पुण्य सगळं मागच्या गल्लीत जातंय की हो!"

सगळ्या गाऱ्हाण्यांच्या तळाशी पाणी असतं. नळ चार-पाच दिवसांनी येतो. मधले दिवस बोअरवर काढायचे, आणि बोअरचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही नि साबणाला फेस येत नाही.

गटाला एक अध्यक्षही आहेत. वीस माणसांना अध्यक्ष कशाला लागतो, हे मला कधी कळलं नाही. पण त्यांच्यामुळे गटाला फ्लेक्स मिळाला, फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो आला, आणि दर दोन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा सत्कार होऊ लागला. गुलाबाला मोठं फूल आलं की सत्कार. गांडूळखत जमलं की सत्कार. यात गांडुळांचा मात्र कधी झाला नाही, असं मी एकदा वहिनींना म्हणालो होतो. त्या खूप हसल्या होत्या.

वहिनी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान आणि मी एकाच कार्यालयातून निवृत्त झालो. वहिनींचं माहेर तळकोकणातलं. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या माहेरपणाहून परत येताना त्यांनी विहिरीजवळच्या अनंताची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीतून आणली. अनंत सोलापुरात नीट होत नाही. ऊन तो कसंबसं सोसतो, पण इथल्या बोअरचं पाणी त्याला अजिबात सोसत नाही. वहिनींनी तो गच्चीवरच्या पावसाचं पाणी पिंपात साठवून जगवला. पिंप संपलं की नळाच्या दिवशी अर्धी बादली गोडं पाणी त्याला. भाड्याच्या दोन घरांतून तो कुंडीसकट हलला आणि शेवटी आमच्या इमारतीत आला.

दोन वर्षांपूर्वी माहेरचं घर विकलं गेलं. घेणाऱ्यांनी विहिरीकडची बाजू गाड्या लावायला सपाट केली आणि मूळ झाड गेलं. मी सांत्वन करायच्या हेतूनं म्हणालो, "वहिनी, अनंत नर्सरीत मिळतो."

"मिळतो की," त्या म्हणाल्या. "पण तो त्या झाडाचा नाही."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्या झाडाची आता जगात एवढी एकच फांदी उरली होती आणि ती आमच्या गच्चीवर होती.

अडचण अर्ध्या बादलीची होती. वहिनींची सून वाईट नाही. पण नळाच्या दिवशी पहाटे उठून घरातलं एकेक भांडं भरणाऱ्या माणसाला त्यातली अर्धी बादली झाडाला जाताना बघवत नाही. ती तोंडानं काही बोलायची नाही, भांडी जरा आपटायची. गेल्या दिवाळीनंतर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचता. यावर काही उपाय सांगा की."

मी सांगितला. पाणी शुद्ध करायचं यंत्र आता घरोघरी आहे. त्याच्या एका नळीतून पिण्याचं पाणी येतं आणि दुसरीतून त्याच्या दुप्पट पाणी मोरीत वाहून जातं. ते बादलीत धरायचं आणि झाडांना घालायचं. सोपं, बिनखर्ची, पुण्याचं. मी स्वतः महिनाभर तेच करत होतो. वहिनींनी त्याच दिवशी नळीखाली बादली लावली. घरातली आपटाआपटी थांबली. मी गटातही सांगितलं, आणि घरोघरी बादल्या लागल्या.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास माझा सत्कार झाला. चादर, श्रीफळ आणि अध्यक्षांचं भाषण. त्यात मी 'जलयोद्धा' होतो. मी मनातल्या मनात हसत होतो, पण चादर खांद्यावर पडल्यावर सरळ उभा राहिलो. फोटोत मी कसा दिसतो तेही घरी येऊन दोनदा पाहिलं.

फेब्रुवारीत खतवाला आला. तो माळशिरसकडचा. चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडून शेणखताची पोती आणून देतो. माझ्या बाल्कनीत पोतं टेकवून तो मोगऱ्याच्या कुंडीशी बसला आणि मातीवरचा पांढरा थर त्यानं नखानं खरवडला.

"सर, मीठ फुटलंय की ह्यात. पाणी कंचं घालताय?"

मी बादली दाखवली. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

"ह्ये पिऊन कोन जगंल? आमच्याकडं उसाला पाणी देऊन देऊन खालच्या अंगाचं रान असंच पांढरं पडलंय. तितं आता बाबळ बी ईत न्हाय."

तो गेल्यावर मी मोगऱ्याची पानं उलटसुलट करून पाहिली. सगळ्यांच्या कडा करपल्या होत्या. मग जे दिवाळीतच सुचायला हवं होतं ते सुचलं. यंत्र पाण्यातलं गोडं तेवढं आपल्याला देतं आणि मीठ सगळं उरलेल्या पाण्यात ढकलतं. बोअरचं पाणी मुळात खारट. त्यातलाही गाळीव खारटपणा मी चार महिने झाडांना पाजत होतो, आणि दुसऱ्यांनाही पाजायला सांगितलं होतं.

माझी बादली मी त्याच दिवशी उचलली. वर जाऊन वहिनींना सांगायला वीस पायऱ्या होत्या.

नाही गेलो. आधी वाटलं, नीट खात्री करून घेऊ. मग वाटलं, गटातच सांगू, म्हणजे सगळ्यांना एकदम कळेल. गटाच्या दिवशी अध्यक्षांनी पाहुण्यांना 'आमचे जलयोद्धे' म्हणून माझी ओळख करून दिली आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं. इतकी वर्षं ज्या सत्काराची टिंगल केली, त्याचीच मला भीड पडली. बाकीच्यांची झाडं रानदांडगी आहेत, कोरफड नि बोगनवेल, त्यांना काय होतंय, अशीही एक समजूत मी काढली. अनंताचं नाव त्या समजुतीत मी येऊ दिलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी बैठक वहिनींकडे होती. गच्चीवर सगळे अनंताभोवती जमले. वरची पानं पिवळी, खालची तपकिरी, आणि कुंडीभोवती गळलेल्या पानांचा सडा.

"उन्हाचा तडाखा," अध्यक्ष म्हणाले. "हिरवी जाळी बांधा."

"दृष्ट हो वहिनी, दृष्ट!" कापडव्यापारी म्हणाले. "लई कौतुक केलं आपण याचं."

कुणी बुरशी म्हणालं, कुणी मुळाशी वाळवी. वहिनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाण्यात तर काही कमी केलं नाही मी. भाऊजींनी सांगितल्यापासून फिल्टरचंच घालते. एक दिवस चुकवला नाही."

मी चहाच्या कपात बघत राहिलो.

संध्याकाळी वर गेलो. वहिनी गळलेली पानं सुपलीत भरत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी सुपली खाली ठेवली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

"आणि तुमच्या झाडांचं कधी बंद केलंत?"

"त्याच दिवशी."

मला वाटलं होतं, त्या चिडतील. चिडल्या असत्या तर मला पुढे काही बोलता आलं असतं. सुपली पुन्हा उचलून त्यांनी विचारलं, "आता काय करायचं?"

माती धुवायची, मी म्हणालो. गोडं पाणी कुंडीतून वाहून जाईपर्यंत घालायचं, म्हणजे मीठ खाली जाईल. तीन-चार बादल्या तरी लागतील, आणि पुन्हापुन्हा.

"तीन-चार बादल्या," त्या म्हणाल्या. आत स्वयंपाकघरात सूनबाई होती.

"माझ्याकडच्या आणतो."

"आणा. आणि ते फोनवरच्या गटावर लिहा. आजच लिहा. बाकीच्यांच्या घरी चालूच आहे ते."

मी खाली येऊन लिहिलं. बादली धरायला मीच सांगितलं होतं, ते चूक होतं, मला दोन महिन्यांपूर्वी कळलं होतं आणि मी गप्प बसलो, असं सरळ लिहिलं. पाच मिनिटांत उत्तरं आली. सात जणांचे जोडलेले हात. 'खूप छान माहिती सर.' अध्यक्षांनी अंगठा दाखवून कळवलं की पुढच्या बैठकीत यावर माझं व्याख्यान ठेवू. शिव्या कुणी दिल्या नाहीत. एकीनं तेवढं विचारलं, 'माझा कढीपत्ता मार्चमध्ये गेला, तो यानंच का?' त्यावर मी 'बहुतेक हो' लिहिलं.

तेव्हापासून नळाच्या दिवशी मी दोन बादल्या घेऊन वर जातो. आमच्या घरातही आता भांडी आपटतात, आणि ते रास्तच आहे. वहिनी दार उघडतात, बाजूला होतात. पूर्वी चहा व्हायचा. मी हळूहळू पाणी ओततो, कुंडीच्या बुडातून ते वाहून येतं, आणि आम्ही दोघंही त्या ओघळाकडे बघतो, जणू त्यात मीठ दिसणार आहे.

झाडाची पानं सगळी गेली. उरल्या आहेत काटक्या. फांदीची साल नखानं जराशी खरवडली की आत हिरवं दिसतं का सुकं, यावरून झाड जिवंत आहे की नाही ते कळतं. पहिल्या खेपेला मधल्या फांदीवर हिरवं दिसलं. दुसऱ्या खेपेला दोन बोटं खाली. मागच्या खेपेला मी आणखी खाली, मातीजवळ नख लावलं. वहिनींनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "बघून काय करणार? तुम्ही पाणी तेवढं घाला."

मी दुसरी बादली ओतली.